सूर्यमालेतील चंद्रांची संदर्भसूची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रांची यादी करायला बसलं की पहिल्या दिवशी काम सोपं वाटतं. ग्रह, चंद्राचं नाव, आकार, अंतर, झालं. तिसऱ्या दिवशी दोन ठिकाणांहून उतरवलेले आकडे एकमेकांशी भांडायला लागतात. ही सूची मी काही वर्षं सांभाळतो आहे. ती वाचणारे आणि स्वतःची सूची करायला घेणारे, दोघांकडून तेच ते प्रश्न येतात. म्हणून हे पान.

सूर्यमालेत एकूण चंद्र किती?

आधी तारीख सांगा, मग आकडा सांगतो. ऑगस्ट २०२५ अखेरचा हिशेब असा: पृथ्वी १, मंगळ २, गुरू ९७, शनी २७४, युरेनस २९, नेपच्यून १६. बेरीज ४१९. बुध आणि शुक्र यांची पाटी कोरी. बटुग्रह धरले तर प्लूटोचे ५, हौमियाचे २, एरिस आणि माकेमाके यांचा प्रत्येकी १ मिळून ४२८. सेरेसला एकही नाही.

हा आकडा किती पटकन शिळा होतो ते पाहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये ९२ चंद्रांनिशी गुरू शनीच्या पुढे गेला आणि त्याच वर्षी मे महिन्यात शनीने पहिला नंबर परत घेतला. मार्च २०२५ मध्ये एका घोषणेत शनीचे १२८ चंद्र वाढले. युरेनसचा एकोणतिसावा जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत सापडल्याचं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालं. तेव्हा जुन्या पुस्तकात शनीचे ६२ चंद्र दिसले तर ते पुस्तक चुकलेलं नाही, जुनं आहे. आकड्याशेजारी तारीख नसेल तर मात्र ती चूकच.

पण चंद्र म्हणायचं कशाला? किमान आकाराची काही अट आहे का?

नाही. ग्रह कशाला म्हणावं यावर आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने २००६ मध्ये मतदान घेतलं, चंद्राच्या बाबतीत तशी खालची मर्यादा कधी ठरलेली नाही. शनीच्या कड्यांमधला प्रत्येक बर्फाचा तुकडा शनीभोवतीच फिरतो, त्याला कोणी चंद्र म्हणत नाही. कड्यांच्या आत काही शे मीटरचे तुकडे आजूबाजूच्या कणांत विमानाच्या पंख्यासारखी खूण उमटवत फिरताना कॅसिनी यानाला दिसले, त्यांचीही गणना सहसा होत नाही. व्यवहारात चालणारी कसोटी अशी: पिंड स्वतंत्रपणे ओळखता आला पाहिजे, आणि त्याची कक्षा इतकी पक्की ठरली पाहिजे की पुढच्या वर्षी तो कुठे दिसेल हे सांगता यावं. माझ्या सूचीत हीच कसोटी आहे आणि ती पहिल्या पानावर लिहिलेली आहे. तुमची वेगळी असली तरी हरकत नाही, पण लिहून ठेवा.

बुध आणि शुक्राला चंद्र का नाहीत?

दोघेही सूर्याच्या फार जवळ. सूर्याच्या ओढीपुढे त्यांची स्वतःची पकड थोड्याच अंतरापर्यंत चालते. शिवाय दोघे स्वतःभोवती अतिशय सावकाश फिरतात. अशा ग्रहाभोवती चंद्र असलाच तर भरती-ओहोटीच्या बलांमुळे तो हळूहळू आत सरकतो आणि शेवटी ग्रहावर कोसळतो.

प्रत्येक चंद्राच्या नोंदीत कोणते रकाने असावेत?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

अंतर: ग्रहाच्या केंद्रापासूनचं, आणि सरासरी म्हणजे लंबवर्तुळाच्या मोठ्या अक्षाचं अर्धं. आपल्या चंद्राचं ३,८४,४०० किलोमीटर हे असंच केंद्रापासूनचं अंतर आहे. काही लोकप्रिय तक्त्यांत पृष्ठभागापासूनची उंची दिलेली असते. दूरच्या चंद्रांना फारसा फरक पडत नाही, जवळच्यांना पडतो. फोबॉस मंगळाच्या केंद्रापासून ९,३७६ किलोमीटरवर आहे, पृष्ठभागापासून मोजलं तर सहा हजारांच्या आसपास.

परिभ्रमणकाळ: ताऱ्यांच्या संदर्भाने. आपल्या चंद्राचे २७.३२ दिवस लिहायचे. पौर्णिमा ते पौर्णिमा २९.५३ दिवस ही वेगळी गोष्ट आहे, कारण तेवढ्यात पृथ्वीही सूर्याभोवती पुढे सरकलेली असते. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण एकाच रकान्यात एका चंद्राचा हा आणि दुसऱ्याचा तो असं झालं की तक्ता बिघडला.

कक्षेचा कल: हा रकाना सर्वांत फसवा. कल कुठल्या पातळीपासून मोजला? ग्रहाच्या विषुववृत्तापासून, ग्रहाच्या कक्षेपासून की क्रांतिवृत्तापासून (म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीपासून)? आपल्या चंद्राचे ५.१ अंश क्रांतिवृत्तापासूनचे आहेत, गुरूच्या चार मोठ्या चंद्रांचे आकडे विषुववृत्ताजवळच्या पातळीपासून दिले जातात. युरेनस तर जवळजवळ आडवा पडून फिरतो. त्याच्या चंद्रांचा कल चुकीच्या पातळीपासून वाचला तर शिस्तीत फिरणारे चंद्रही भरकटलेले दिसतात. प्रत्येक ओळीत संदर्भपातळी लिहा, कंटाळा आला तरी.

व्यास लिहा, त्रिज्या नको. संशोधनाच्या तक्त्यांत बहुधा त्रिज्या असते, वाचकाच्या डोक्यात व्यास असतो. उतरवताना दुपटीने गुणायचं राहून जातं. माझ्या पहिल्या मसुद्यात शनीचा एन्सेलाडस २५२ किलोमीटरचा होता. तो ५०४ चा आहे, आणि हे मला शाळेत जाणाऱ्या एका वाचकाने कळवलं.

याशिवाय कक्षेची विकेंद्रता (ती वर्तुळापेक्षा किती लांबट आहे ते), वस्तुमान (मोजलेलं असेल तरच), शोधाचं वर्ष, शोधक, तात्पुरतं नाव, कायमचं नाव, क्रमांक आणि ज्या गटात मोडतो तो गट.

छोट्या चंद्रांचे व्यास प्रत्येक ठिकाणी वेगळे का दिसतात?

कारण ते कोणी मोजलेलेच नसतात. गुरू-शनीचे दूरचे चंद्र दुर्बिणीत नुसता ठिपका असतात. ठिपक्याची तेजस्विता कळते. मग पृष्ठभाग किती टक्के प्रकाश परत फेकत असेल याचा अंदाज धरायचा, बहुतेकदा चार टक्के, म्हणजे कोळशासारखा काळा, आणि त्यावरून आकार काढायचा. हा अंदाज चारऐवजी सोळा टक्के धरला तर व्यास निम्मा होतो आणि आकारमान एक अष्टमांश. त्यावर घनतेचा आणखी एक अंदाज चढवून काढलेलं वस्तुमान मी सूचीत घेतच नाही, रकाना रिकामा ठेवतो. रिकामा रकाना पाहून काही वाचक नाराज होतात. पण पंधरा आकडी खोटी अचूकता देण्यापेक्षा ती नाराजी परवडली.

यान जवळून गेलं असेल तर गोष्ट निराळी, पण तिथेही 'व्यास' हा शब्द जपून वापरा. फोबॉस साधारण २७ बाय २२ बाय १८ किलोमीटरचा बटाटा आहे. त्याला एकच आकडा द्यायचा तर तो समान आकारमानाच्या गोळ्याचा व्यास असतो. आमच्याकडे मोजलेला आकडा सरळ आणि अंदाजाचा तिरपा छापतो.

आकडे बरोबर आहेत की नाही हे घरबसल्या तपासता येतं का?

येतं, आणि या पानावर एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार एकाच ग्रहाच्या सर्व चंद्रांसाठी अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग हे उत्तर सारखंच यायला हवं. अंतर हजार किलोमीटरमध्ये आणि काळ दिवसांत घ्या. गुरूच्या आयोसाठी ४२१.८ आणि १.७६९ टाकले की उत्तर सुमारे २ कोटी ४० लाख येतं. कॅलिस्टोसाठी १८८२.७ आणि १६.६८९ टाका, पुन्हा २ कोटी ४० लाखच. आता समजा कोणी आयोचं अंतर गुरूच्या पृष्ठभागापासून दिलं, म्हणजे ३५०.३. उत्तर १ कोटी ३७ लाखांवर घसरतं आणि चूक लगेच उघडी पडते.

गणनतक्त्यात हा एक रकाना जोडून ठेवला तर सगळ्या चंद्रांची झडती दहा मिनिटांत होते. दूरच्या चंद्रांना सूर्याची ओढ छळते, त्यामुळे तिथे थोडा फरक चालवून घ्यावा. पण उत्तर भलतंच आलं तर नियमावर शंका घेऊ नका, स्वतःच्या टायपिंगवर घ्या.

शोधाचं वर्ष कोणतं धरायचं: फोटो घेतला तेव्हाचं, फोटोत दिसला तेव्हाचं की जाहीर झाला तेव्हाचं?

जुन्या शोधांत हा प्रश्न नव्हता. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूजवळचे ठिपके पाहिले, हायगेन्सने १६५५ मध्ये टायटन पाहिला, लॅसेलने १८४६ मध्ये नेपच्यूनचा शोध लागल्यावर सतरा दिवसांत ट्रायटन टिपला. पाहिला तोच शोध. डोळ्यांनी पाहून सापडलेला शेवटचा चंद्र म्हणजे १८९२ मधला गुरूचा अमाल्थिया, शोधक बर्नार्ड. त्यानंतर फोटोचं राज्य आलं आणि घोळही. शनीच्या फीबीच्या फोटोंच्या काचपट्ट्या १८९८ च्या, त्यांवर ती दिसली १८९९ मध्ये. युरेनसचा पर्डिटा हे टोकाचं उदाहरण: व्हॉयेजर २ ने १९८६ मध्ये त्याचा फोटो घेतला, तो फोटोत कोणाच्या नजरेस पडला १९९९ मध्ये आणि हबल दुर्बिणीने खात्री केली २००३ मध्ये.

मी दोन वर्षं लिहितो, पहिल्या निरीक्षणाचं आणि घोषणेचं. तात्पुरत्या नावातलं वर्ष पहिल्या निरीक्षणाचं असतं. नेपच्यूनच्या एस/२००२ एन ५ ची घोषणा २०२४ मध्ये झाली, तरी नावात २००२ आहे ते त्यामुळेच.

ही 'एस/२०२३ यू १' छापाची नावं वाचायची कशी?

एस म्हणजे उपग्रह, मग वर्ष, मग ग्रहाचं आद्याक्षर (यू म्हणजे युरेनस), मग त्या वर्षातला क्रम. कक्षा पक्की झाली की रोमन अंकातला कायमचा क्रमांक मिळतो आणि पुढे कधीतरी नाव. हा क्रमांक अंतराचा क्रम नसतो. आयो गुरूचा पहिला आणि अमाल्थिया पाचवा, पण अमाल्थियाची कक्षा आयोच्या आत आहे. युरेनसचा मिरांडाही पाचवा, आणि पाच मोठ्या चंद्रांत सर्वांत आतला.

नावं ठेवतं कोण? आणि त्यांत काही सूत्र असतं का?

मान्यता आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाची. गुरूच्या चंद्रांना ग्रीक-रोमन पुराणातल्या झ्यूसच्या प्रेयसींची आणि वंशजांची नावं. त्यात एक गमतीदार नियम आहे: दूरच्या चंद्रांपैकी गुरूच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरणाऱ्यांची नावं 'आ' ध्वनीने (कक्षेचा कल फार असेल तर 'ओ'ने) संपतात, उलट फिरणाऱ्यांची रोमन लिपीतल्या 'ई' अक्षराने. हिमालिया, लीडा, एलारा एका बाजूला. पासिफे, अनांके, कार्मे दुसऱ्या बाजूला. नाव वाचूनच दिशा कळते. शनीच्या दूरच्या चंद्रांचे तीन गट आहेत: इनुइट, नॉर्स आणि गॉल लोकांच्या पुराणांतले. युरेनसकडे शेक्सपिअर आणि इंग्रज कवी अलेक्झांडर पोप यांची पात्रं, नेपच्यूनकडे सागराशी नातं असलेल्या देवता, प्लूटोकडे पाताळ.

हिमालियाचा आणि हिमालयाचा काही संबंध नाही. ती एक अप्सरा. हा प्रश्न दर महिन्याला येतो.

देवनागरीत नावं कशी लिहावीत? आयो की इओ, गॅनिमीड की गनिमेड?

याला सर्वमान्य नियम नाही. मी मराठी मासिकांत रुळलेलं रूप घेतो (आयो, युरोपा, गॅनिमीड, टायटन) आणि जिथे काहीच रुळलेलं नाही तिथे उच्चाराजवळ जातो. पर्यायी रूपं सूचीच्या शोधात दिली की भांडण मिटतं. खरा धोका स्पेलिंगचा नाही, नामसाधर्म्याचा आहे. टायटन शनीचा, टायटानिया युरेनसचा. आणि युरोपा, आयो, पँडोरा, डायोनी या नावांचे लघुग्रहही आहेत. ५२ क्रमांकाचा युरोपा हा लघुग्रह आहे. संगणकाकडून आपोआप माहिती ओढून घेणाऱ्यांनी इथे जपावं.

'चंद्र' की 'उपग्रह' हाही वाद नेहमीचा. 'उपग्रह' म्हटलं की आज माणसाने सोडलेली यंत्रं आधी आठवतात, 'चंद्र' म्हटलं की आपला एकटा. मी दोन्ही वापरतो. संदर्भाने अर्थ कळतो.

उलट फिरणाऱ्या चंद्राला 'वक्री' म्हणावं का?

नको. ग्रह वक्री होतो तो आपल्याला दिसण्यापुरता, पृथ्वी त्याला किंवा तो पृथ्वीला ओलांडून जातो म्हणून. ट्रायटन खरोखरच नेपच्यूनच्या परिवलनाच्या उलट दिशेने फिरतो, कायमचा. तिथे 'प्रतिगामी' हा शब्द वापरा. एवढा मोठा (२,७०७ किलोमीटर व्यासाचा) चंद्र उलटा फिरतो याचा अर्थ तो नेपच्यूनपाशी जन्मलेला नाही, बाहेरून येऊन सापडलेला आहे. शनीच्या दूरच्या चंद्रांपैकी बहुतेक प्रतिगामीच. तेही पकडलेल्या पिंडांचे तुकडे असावेत असं मानलं जातं.

चारशेच्या चारशे चंद्रांना सारखी जागा द्यायची का?

अजिबात नाही. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेले चंद्र मोजून १९ आहेत: आपला एक, गुरूचे चार, शनीचे सात, युरेनसचे पाच, ट्रायटन आणि प्लूटोचा शॅरन. पानं यांना द्या. आयोवर १९७९ मध्ये जिवंत ज्वालामुखी दिसले. टायटनच्या पृष्ठभागावर हवेचा दाब आपल्या दीडपट आहे आणि तिथे १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स यान उतरलं. एन्सेलाडसच्या दक्षिण ध्रुवातून पाण्याची कारंजी उडतात. गॅनिमीडचा व्यास ५,२६८ किलोमीटर, म्हणजे तो बुधापेक्षाही मोठा. शनीच्या दोनशे दूरच्या खडकांना एकेक ओळ पुरते.

गोल असण्याचा संबंध फक्त आकाराशी जोडू नका. नेपच्यूनचा प्रोटिअस शनीच्या मिमासपेक्षा मोठा आहे, तरी मिमास गोल आणि प्रोटिअस ओबडधोबड.

लघुग्रहांचे चंद्र घ्यावेत का?

वेगळ्या परिशिष्टात. पहिला पक्का पुरावा गॅलिलिओ यानाने दिला: ऑगस्ट १९९३ मध्ये इडा लघुग्रहाजवळून जाताना घेतलेल्या चित्रांत दीड किलोमीटरचा डॅक्टिल निघाला. डिडिमॉस लघुग्रहाचा चंद्र डिमॉर्फस याची नोंद मात्र अवश्य ठेवा. २६ सप्टेंबर २०२२ ला डार्ट यान त्याच्यावर मुद्दाम आदळवलं गेलं आणि ११ तास ५५ मिनिटांचा त्याचा फेरा अर्ध्या तासाहून अधिक कमी झाला. माणसाने हात लावून बदललेला परिभ्रमणकाळ सूचीत हा एकच.

पृथ्वीला दुसरा चंद्र मिळाल्याच्या बातम्या खऱ्या असतात का?

अर्ध्या. कामोओआलेवासारखे पिंड सूर्याभोवतीच फिरतात, फक्त त्यांची चाल आपल्याशी इतकी जुळते की ते आपल्याभोवती घिरट्या घालताहेत असं वाटतं. त्यांना अर्धचंद्र म्हणू नका, त्या शब्दाला आधीच काम आहे. मी 'आभासी उपग्रह' लिहितो. दुसरा प्रकार तात्पुरत्या पाहुण्यांचा: २००६ आरएच १२० हा काही मीटरचा खडक वर्षभर पृथ्वीभोवती राहून निघून गेला.

शुक्राचा असाच एक आभासी उपग्रह सूची करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. त्याचं तात्पुरतं नाव २००२ व्हीई ६८. एका चित्रकाराने मुलांच्या पोस्टरसाठी ते उतरवताना स्वतःच्याच अक्षरातले इंग्रजी आकडे अक्षरं म्हणून वाचले, दोनाचा झेड आणि शून्याचा ओ झाला, आणि पोस्टरवर शुक्राला 'झूझव्ही' नावाचा चंद्र मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये खगोलशास्त्र संघाने तेच नाव अधिकृत केलं. उतरवण्यातली चूक इतकी पावल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

ओळी अंतराच्या क्रमाने लावल्या तर अडचण कुठे येते?

जेनस आणि एपिमिथिअसपाशी. शनीच्या या दोन चंद्रांच्या कक्षांत जेमतेम ५० किलोमीटरचं अंतर आहे, आणि दोघेही त्याहून मोठे. १९६६ मध्ये तीन दिवसांच्या फरकाने दोन निरीक्षकांनी ते पाहिले, पण एकाच कक्षेत दोन चंद्र असतील हे कोणाच्या मनातही आलं नाही. बारा वर्षं आकडे जुळेनात. १९७८ मध्ये उलगडा झाला की ते एक नाहीत, दोन आहेत. आतला किंचित वेगाने फिरत मागून येतो, जवळ आल्यावर दोघे एकमेकांना ओढतात, आणि न आदळता कक्षा बदलतात: आतला बाहेर, बाहेरचा आत. हे दर चार वर्षांनी घडतं. म्हणजे तुमच्या यादीतल्या त्या दोन ओळीही दर चार वर्षांनी वर-खाली करायला हव्यात. मी करत नाही, तळटीप देतो.

सूची किती वेळा अद्ययावत करावी, आणि कशावरून?

वर्षातून दोनदा पुरे. नव्या शोधांसाठी मायनर प्लॅनेट सेंटरची परिपत्रकं, कक्षांसाठी नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे तक्ते, नावांसाठी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचा नामकोश. विश्वकोशातून आणि बातम्यांतून आकडा घेऊ नका, तिथून फक्त सुगावा घ्या. जुनी आवृत्ती पुसू नका, तारखेनिशी जपून ठेवा.

रद्द झालेल्या चंद्रांचं काय करायचं?

ठेवा. हरवलेला चंद्र परत येऊ शकतो: गुरूचा थेमिस्टो १९७५ मध्ये दिसला, कक्षा ठरण्याआधी निसटला आणि २००० मध्ये पुन्हा सापडला. काही मात्र कधी नव्हतेच. शुक्राजवळ चंद्र पाहिल्याचं कॅसिनीसारख्या निरीक्षकाने १६८६ मध्ये नोंदवलं, पुढे त्याला नीथ हे नावही मिळालं. बहुधा जवळपासचे तारे असावेत. शनीच्या फीबीचा शोधक विल्यम पिकरिंग याने १९०५ मध्ये शनीचा दहावा चंद्र जाहीर केला, थेमिस. त्याची कक्षा काढली, परिभ्रमणकाळ दिला. पुढच्या वर्षी फ्रेंच अकादमीने फीबी आणि थेमिस या दोन्ही शोधांसाठी त्याला लालांद पुरस्कार दिला. थेमिस त्यानंतर कोणालाच दिसला नाही. माझ्या सूचीत तो शेवटच्या पानावर आहे. सगळे रकाने भरलेले, आणि पहिल्या रकान्यात 'रद्द'.